घाट उतरण्याआधी समुद्र कसा बघावा

सातारा-कराडकडच्या गळवाल्यांची सवय धरणाच्या पाण्याची. कण्हेर असो, उरमोडी असो, सुट्टी मिळाली की गेलं. त्याच हिशेबाने कुंभार्ली उतरून गुहागर गाठलं की ओहोटीने मागे गेलेल्या पाण्याकडे बघत बसायची वेळ येते. म्हणून शनिवार नंतर ठरवा, आधी तिथी बघा.

भिंतीवरच्या कालनिर्णयात तिथीचा आकडा घ्या, त्याला तीनने गुणून चारने भागा. पूर्ण भरतीची ढोबळ वेळ निघते. दशमीला साडेसात, द्वादशीला नऊ. पक्ष कुठलाही असो, आणि सकाळी जी वेळ तीच साधारण रात्रीही. रोज भरती सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. हा हिशेब मुंबईच्या बाजूला जास्त जुळतो. रत्नागिरीकडे भरती थोडी आधी लागते, त्यामुळे जवळच्या बंदराचा भरतीचा तक्ता बघूनच गाडी काढा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओढ इतकी असते की दोरीला बांधलेलं शिशाचं वजन जागेवर ठरत नाही, आणि पाणीही गढूळतं. अष्टमी-नवमीला भांग, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी, तेव्हा पाणी सुस्त. नवख्याने मधले दिवस धरावेत, असं माझं मत.

मग लाट. हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ संस्थेचा समुद्राचा अंदाज इंटरनेटवर फुकट मिळतो. त्यात नुसती उंची वाचू नका, दोन लाटांमधले सेकंदही वाचा. सहा सेकंदांची एक मीटर लाट आणि पंधरा सेकंदांची एक मीटर लाट यांत फार फरक आहे. दुसरी दुरून आलेली असते आणि खडकावर चांगलीच वर चढते. किनाऱ्यावर वारा पडलेला असतानाही ती येते. असा आकडा दिसला तर कातळ सोडा, खाडीत बसा. हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून मतलई वारा असतो, तेव्हा समुद्र बराच शांत. उन्हाळ्यात दुपारनंतर समुद्राकडून वारा चढला की दोरीला पोट येतं आणि फेक जवळच पडते.

आता ‘काय लागतंय’ ही बातमी. ग्रुपवर जिताड्याचा फोटो आला की सगळे आधी जागा विचारतात, आणि जागा कोणी खरी सांगत नाही. त्यापेक्षा तारीख, भरती होती की ओहोटी, आमिष कुठलं आणि पाणी कसं होतं ते विचारा. एवढं लोक सहज सांगतात. आठवडाभर जुना फोटो बातमी म्हणून धरू नका, तेवढ्यात उधाणाचा भांग होतो. सकाळी बाजारात मासेवालीच्या टोपलीत किनाऱ्याजवळचे बोय, मुडदुशे ताजे दिसले तर मोठा मासाही त्यांच्यामागे जवळ आला असण्याची शक्यता असते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. त्या दिवसांत किनाऱ्यावरूनही समुद्राच्या वाटेला जाऊ नये.

जागेवर पोचलात की गळ टाकायची घाई नको. ओहोटी असेल तर कातळातल्या घळी, खड्डे, वाळूतल्या नाळी डोळ्यांत भरून घ्या. भरतीत मासा तिथूनच फिरतो. भरतीचे शेवटचे दोन तास कातळाला चांगले. खाडीच्या मुखाशी मात्र ओहोटी सुरू होताना बसा, कारण बारीक मासळी पाण्याबरोबर बाहेर निघते आणि तांबोशी, जिताडा तिची वाट बघत असतात. दाभोळच्या खाडीत हे ध्यानात ठेवा. आपल्या कोयनेचं पाणी वीज करून वाशिष्ठीत उतरतं आणि तिथेच समुद्राला मिळतं, त्यामुळे जितकं वर जाल तितकं पाणी गोडं. आमिषाला ताजी कोळंबी पुरते. खेकडे कुरतडायला लागले तर बांगड्याचा तुकडा सालीसकट लावा.

कातळावर उभं राहण्याआधी दहा-पंधरा मिनिटं नुसतं बघा. खडक जिथवर ओला आहे तिथवर लाट येते. त्याच्या बरंच मागे, कोरड्यावर उभे राहा. हिरवट शेवाळावर पाय नको, लाटेकडे पाठ नको. हेदवीच्या बामणघळीत भरतीचं पाणी कसं उसळतं ते एकदा लांबून बघून या.

शिंगाळा मासा लागला तर हाताने धरू नका, पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचा काटा विषारी असतो. पक्कडीने गळ काढा. केंड लागला तर पोट फुगवून बसेल, तो सोडून द्या, खायचा नाही. बाकीचे मासे तिथेच साफ करून बर्फात घाला. घाट चढून घरी येईपर्यंत बर्फ पुरला पाहिजे, म्हणून चिपळुणात आणखी घ्या.