चार्म मारलेल्या माणसाचा दुसरा दिवस

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकत गोष्ट रचायच्या खेळात मनावर चालणारे स्पेल, म्हणजे मंत्र, कसे चालवायचे, असं नवे गेम मास्टर (खेळ चालवणारे) विचारतात तेव्हा मी एकच सांगते: स्पेल संपल्यानंतरचं आधी लिहून ठेवा. स्पेल चालू असताना काय करायचं ते खेळाडू बघून घेतात.

माझं टेबल बेळगावात, शहापूरला आमच्या माडीवर लागतं. खानापूरची, निपाणीची पोरं बसने येतात. घरी मराठी, बाजारात कन्नड आणि नियम इंग्रजीत, असा आमचा कारभार. मोहीम, म्हणजे आमची चालू गोष्ट, तीही तशीच आहे. दोन राजांच्या हद्दीवर घाट, घाटात जकात नाका आणि नाक्यावर बसाप्पा नावाचा नाकेदार. नियम २०१४च्या आवृत्तीचे. खालचं सगळं त्याच हिशेबानं वाचा.

चार्म पर्सन हा माणसावर मोहिनी घालणारा, पहिल्या लेव्हलचा स्पेल. माणूस ३० फुटांच्या आत हवा. विस्डम सेव्ह, म्हणजे मंत्र टाळायचा फासा, हुकला की तो १ तास तुम्हाला ओळखीतला, स्नेहातला माणूस समजतो. आधीच मारामारी चालू असेल तर त्याला सेव्हवर ॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा धरायचा) मिळतो. इथे खेळाडू हटकून ताणतात, कारण त्यांना स्नेही नको असतो, गडी हवा असतो. म्हणून मी विचारते, गल्लीतल्या ओळखीच्या पोरानं हेच मागितलं तर बसाप्पा काय करील? ‘मामा, उशीर झालाय, तेवढी गाडी सोडा की वो,’ म्हटल्यावर तो पोती न उघडता ‘बरं, जावा’ म्हणेल. जकातीच्या पेटीची किल्ली मात्र देणार नाही. त्यापुढचं काही हवं असेल तर करिझ्माचा, म्हणजे छाप पाडण्याचा, रोल करा. चार्म असताना त्यावर ॲडव्हान्टेज मिळतो, तेवढा पुरे.

१९७४च्या पहिल्या नियमांत ही मोहिनी कुणी ती मोडेपर्यंत टिकायची. पुढच्या ॲडव्हान्स्ड आवृत्तीत ती माणसाच्या बुद्धीवर ठरू लागली, आणि बुद्धीनं अगदी कमी असलेला बिचारा महिनोन्‌महिने अडकायचा. आता तो तासाभरात सुटतो, आणि सुटल्यावर त्याला कळतं की आपल्यावर तुम्ही मोहिनी घातली होती. स्पेलच्या वर्णनातलं हे शेवटचं वाक्य घाईत वाचायचं राहतं, आणि माझ्या मते सगळा स्पेल त्याच वाक्यात आहे. फ्रेंड्स हा कँट्रिप (कितीही वेळा मारता येणारा छोटा मंत्र) त्याहून कडक. जास्तीत जास्त १ मिनिट चालतो, आणि संपल्यावर समोरचा थेट वैरी होतो. तो वैर कसं काढील ते पुस्तक गेम मास्टरवर सोडतं.

मी प्रत्येक चार्म झालेल्या माणसासाठी वहीत तीन गोष्टी लिहिते. त्यानं काय दिलं, त्याचा जाब त्याला कोण विचारणार, आणि तो हे कुणाला सांगणार. बसाप्पानं तंबाखूची गाडी जकातीशिवाय सोडली. संध्याकाळी हिशेब जुळेना, तूट त्याच्या पगारातून कापली गेली. घरी बायकोनं विचारलं, ‘पैसे कुठं गेले वो?’ खरं सांगावं तर लोक त्याला खुळ्यात काढणार, खोटं सांगावं तर चोर ठरणार. त्यानं खरं सांगितलं, मेव्हण्याला. मेव्हणा बाजारात कांदे विकतो. पुढच्या बाजाराच्या दिवशी पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांची टोळी, गावात शिरली, तर तिच्याशी कुणी बोलेना. खानावळवाली ताट वाढायची, पण डोळ्याला डोळा देत नव्हती. पहारेकऱ्यांची पलटण पाठवून पार्टीला झोडपणं सोपं आहे. ते करू नका. मार खाऊन खेळाडूंना वाटतं, हिशेब फिटला. माणसांनी तोंड फिरवलं की ती गोष्ट त्यांना घरी जातानाही सोडत नाही.

साक्षीदार विसरू नका. चार्म पर्सनला मंत्र म्हणावा लागतो आणि हातवारे करावे लागतात. भर बाजारात हे केलं तर भोवतालच्या सगळ्यांनी बघितलेलं असतं. खेळाडू म्हणतो, ‘हळूच म्हणतो.’ हळूच म्हणायची सोय त्या स्पेलमध्ये नाही. सॉर्सरर या जादूगाराला सटल स्पेल, म्हणजे न बोलता, हात न हलवता मंत्र टाकायची कला, असेल तर गोष्ट वेगळी.

आमच्या भागात खेळणाऱ्यांनी भाषेकडे बारकाईनं बघावं, कारण नियमांतली ही जागा आपल्याला फार जवळची आहे. सजेशन, म्हणजे सुचवलेली गोष्ट समोरच्याला करायला लावणारा स्पेल, चालायचा तर समोरच्याला तुमचं ऐकू यावं लागतं आणि कळावंही लागतं. कमांडचंही तेच, भाषा कळली नाही तर आज्ञा फुकट. चार्म पर्सनला मात्र भाषेची अट नाही. म्हणजे पलीकडच्या राज्याची भाषा न येणारा बार्ड (गाणारा जादूगार) बसाप्पाच्या साहेबाला स्नेही करू शकतो, पण त्या स्नेह्याला काय हवंय ते सांगू शकत नाही. साहेब हसत, प्रेमानं, स्वतःच्या भाषेत बोलत राहतो आणि तास निघून जातो. हे एकदा झाल्यापासून आमची पोरं कॅरॅक्टर शीटवरच्या भाषा विचार करून निवडतात. आता रेंजर, म्हणजे पार्टीतली रानवाटांची जाणकार, पुढे होऊन दुभाष्याचं काम करते, आणि बार्डच्या कुठल्या गोष्टीत आपण तोंड घालायचं नाही हे तीच ठरवते. टेबलावरचे माझे सगळ्यात आवडते प्रसंग यातून आलेत.

सजेशनमध्ये खेळाडूला वाक्य तोंडानं म्हणायला लावा. एक किंवा दोन वाक्यं, ऐकणाऱ्याला पटण्यासारखी. ‘मामा, जेवून या, तोवर आम्ही नाक्यावर बसतो’ हे दुपारी पटतं, भल्या पहाटे नाही. स्वतःला उघड इजा करायला सांगितलं तर स्पेल तिथंच संपतो. स्पेल मारणाऱ्याची एकाग्रता टिकली तर ८ तासांपर्यंत चालतो. पण मोहिनी झाली हे समोरच्याला कळतं, असं सजेशनच्या वर्णनात कुठंही लिहिलेलं नाही. मग बसाप्पाला काय वाटेल? नाका सोडून जेवायला आपणच गेलो, असं. तो स्वतःला दोष देत बसेल, कदाचित नोकरी सोडेल. चार्ममध्ये माणसाला निदान राग धरता येतो. इथं तेही राहत नाही, म्हणून मला सजेशन हा माणसाला पुरता ताब्यात घेणाऱ्या डॉमिनेट पर्सनपेक्षा जड वाटतो. पार्टीला हे कळायला हवं. बसाप्पाच्या जागी आलेला नवा नाकेदार त्यांना जुन्याची हकीकत सांगू दे.

पहिल्या बैठकीतच दोन गोष्टी स्पष्ट बोलून घ्या. एक, खेळाडूनं दुसऱ्या खेळाडूच्या पात्रावर असे स्पेल मारायचे तर त्याला आधी विचारायचं, आणि नाही म्हटल्यावर विषय संपला. आपल्या पात्राचं मन ही खेळाडूच्या हातातली एकमेव गोष्ट असते. दोन, मोहिनी घालून कुणाला लग्नाला तयार करणं किंवा अंथरुणात नेणं आमच्याकडे चालत नाही, विनोदानंही नाही. त्यावर वाद घालणाऱ्याला मी टेबलावर घेत नाही. शिवाय टेबलावर एक्स-कार्ड ठेवा. कुणीही त्याला हात लावला की प्रसंग तिथंच सोडायचा, कारण विचारायचं नाही.

भरपाईची वाट उघडी ठेवा, पण तिथं पर्सुएजनचा, म्हणजे मन वळवण्याचा, रोल मागू नका. खेळाडूंनी बुडवलेली जकात भरावी, बसाप्पाच्या दारात जाऊन, शेजारीपाजारी ऐकत असताना खरं बोलावं. मग बसाप्पानं काय करायचं ते तुम्ही त्याच्या जागी बसून ठरवा. आमच्या बसाप्पानं पैसे मोजून घेतले आणि पावती दिली. देवळातल्या पुजाऱ्याकडून त्यानं स्पेल किती लांबवर पोचतो ते विचारून घेतलं होतं. त्यामुळे तो बार्ड आता नाक्यापासून ४० फुटांवर उभा राहतो आणि गाडीत काय आहे ते ओरडून सांगतो.