घरच्या गणितात पुस्तक बदलण्याआधी

मुलाला शाळेऐवजी घरीच शिकवत असाल तर त्याचं वय बघून गणिताचं पुस्तक आणू नका. नऊ वर्षांचा झाला म्हणजे चौथीचं पुस्तक, हा हिशेब शाळेच्या सोयीचा आहे. वर्गभर मुलं एकत्र बसवायची तर कुठंतरी रेघ मारावीच लागते. घरी समोर एकच मूल असतं. ते अपूर्णांकात पाचवीचं आणि वजाबाकीत दुसरीचं असू शकतं, आणि त्यात काही बिघडलेलं नसतं.

पुस्तक ठरवण्याआधी अर्धा तास काढा आणि पाच प्रश्न द्या. ४०३ वजा १६८. नंतर ८ + ४ = __ + ५, यातली रिकामी जागा. १/६ मोठा की १/८? ०.३५ मोठा की ०.४? आणि ४०२० भागिले ४. उत्तर बरोबर की चूक एवढंच बघून वही मिटू नका, चुकलेलं उत्तर नीट वाचा. पहिल्याचं उत्तर २३५ ऐवजी ३६५ आलं, तर मूल प्रत्येक घरात लहान अंक मोठ्यातून वजा करतंय. हातचा घेणं त्याला कळलेलंच नाही. रिकाम्या जागेत १२ लिहिलं, तर बरोबरचं चिन्ह त्याला ‘आता उत्तर लिही’ असं वाटतं, दोन्ही बाजू सारख्या असं वाटत नाही. हे दुरुस्त न करता बीजगणितात गेलात तर समीकरण म्हणजे नुसती चिन्हांची हलवाहलवी होऊन बसते. ०.३५ मोठा म्हणाला, तर तो पस्तीस आणि चार यांची तुलना करतोय.

शेवटच्या प्रश्नावर जास्त लिहिणार आहे, कारण घरी शिकवणाऱ्यांचं गणित सगळ्यात जास्त जिथं फसतं ती जागा तिथं दिसते. फसण्याचं कारण म्हणजे दोन पुस्तकांमधली फट.

सुरुवातीला सगळेच पालक दोन-तीन पुस्तकं बदलतात. आधी बालभारती, मग कुणीतरी सिंगापूर पद्धत सुचवतं, मग अमेरिकन होमस्कूल संच येतो. प्रत्येक पुस्तक आपापल्या जागी चांगलं असतं, पण त्यांचा क्रम वेगळा असतो. काही पुस्तकं एकच विषय दोन-दोन महिने धरून संपवतात, त्यांना मास्टरी पद्धतीची म्हणतात. काही स्पायरल असतात. त्यांत रोज थोडं सगळं येतं आणि तोच विषय पुन्हापुन्हा फिरून येतो. मास्टरीच्या पुस्तकातून अर्ध्या वर्षात उठलात तर गुणाकार पक्का झालेला असतो आणि मापन, घड्याळ यांना हातही लागलेला नसतो. स्पायरल अर्धवट सोडलं तर प्रत्येक विषय अर्धा झालेला असतो. त्यात नवं पुस्तक गृहीत धरतं की मागचं सगळं झालंय. जुन्यानं जे पुढच्या सत्रावर ढकललं होतं, ते नव्यानं मागच्या वर्षीच उरकलेलं असतं. तो विषय मुलाच्या वाट्याला कधी येतच नाही.

वाईट म्हणजे ही फट लगेच दिसत नाही. पाच-सहा महिने उत्तरं बरोबर येत राहतात, कारण मूल रीत पाठ करून वेळ मारून नेतं. मग एक दिवस ४०२० ÷ ४ येतं. मूल चारात चार एकदा म्हणतं आणि १ लिहितं. शून्य खाली घेतं, त्यात काही जात नाही म्हणून पुढं सरकतं. २ खाली घेतं, तेही जात नाहीत. शून्य घेऊन २० करतं, चार पाचे वीस. उत्तर १५. कधी १०५. खरं उत्तर १००५.

इथं बहुतेक घरांत एकच वाक्य ऐकू येतं: ‘शून्य लिहायचं विसरू नकोस.’ कृपा करून हे म्हणू नका. मूल विसरलेलं नाही. भागाकाराच्या वरच्या ओळीत शतकाचं एक घर आहे आणि ते रिकामं राहिलं, हेच त्याला माहीत नाही. उदाहरणार्थ, पहिल्या पुस्तकात काड्यांचे गठ्ठे शंभरापर्यंत होते, हजाराचा गठ्ठा पुढच्या सत्रात येणार होता. दुसऱ्या पुस्तकानं हजार थेट अंकांत सुरू केले. हजार हातात धरून मोडायची पायरी राहून गेली, आणि ती राहिल्याचं भागाकारात कळलं.

दुरुस्तीसाठी पुस्तक बाजूला ठेवा. कागदाच्या खोट्या नोटा करा: हजार, शंभर, दहा आणि एक. हजाराच्या चार आणि दहाच्या दोन नोटा चार जणांत वाटायच्या. पाटीवर चार उभी घरं आखा. हजाराच्या नोटा वाटल्या, प्रत्येकाला एक: पहिल्या घरात १. शंभराची नोटच नाही, प्रत्येकाला शून्य: दुसऱ्या घरात ०. दहाच्या दोन नोटा चौघांना पुरत नाहीत, पुन्हा ०. मग त्या दोन नोटा मोडून एकच्या वीस घ्या, प्रत्येकाला पाच. शेवटच्या घरात ५. मूल १००५ स्वतः वाचतं. शिवाय वाटण्याआधी विचारा, साधारण किती येईल? ‘चार हजार चौघांत म्हणजे हजार’ एवढं तोंडून आलं की १५ हे उत्तर त्याचं त्यालाच खटकतं. अशी आठ-दहा उदाहरणं नोटांनी करा, मग तेवढीच नोटांची चित्रं काढून, मग नुसत्या अंकांत. दोन आठवडे लागतील. लागू द्या.

पुस्तक बदलायचंच असेल तर आधी दोन्ही पुस्तकांच्या अनुक्रमणिका घ्या. फुलस्केप कागदावर सहा उभे रकाने आखा: संख्याज्ञान, बेरीज-वजाबाकी, गुणाकार-भागाकार, अपूर्णांक, मापन, भूमिती. जुन्या पुस्तकातलं खरोखर झालेलं निळ्या पेनानं लिहा, नवं पुस्तक जिथून सुरू होतं ते लाल पेनानं. निळं आणि लाल यांच्यामध्ये जे उरेल ती फट. प्रत्येक फटीवर तीन उदाहरणं द्या, दोन लिहून आणि एक समजावून सांगायला. ‘मला शिकव’ म्हटलं की जिथं अडतं ते लगेच कळतं. फटी भरायला चार-सहा आठवडे फक्त त्याच कामाला द्या, नवं पुस्तक उघडू नका. त्यानंतरही नवं पुस्तक वाटतं त्यापेक्षा अर्ध्या इयत्तेनं खालून सुरू करा. यात मागं पडणं नाही. ती पानं भराभर संपतात आणि मुलाला आपल्याला येतंय असं वाटू लागतं, घरी शिकणाऱ्या मुलाला त्याची फार गरज असते.

मराठी बोलणाऱ्या मुलांची अडचण वेगळीच आहे, आणि ती बाहेरच्या कुठल्याच पुस्तकाला माहीत नसते. सत्तावीस ऐकताना आधी सात येतो, मग वीस. म्हणून मूल ७२ लिहितं. इंग्रजी पुस्तक आणि घरी मराठी असेल तर गोंधळ दुप्पट, कारण इंग्रजीत आधी वीस येतात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात सत्तावीसच्या जोडीला ‘वीस सात’ असं वाचन दिलं, तेव्हा राज्यभर गदारोळ झाला. माझं मत स्पष्ट आहे: पायरी म्हणून ते उत्तम आहे. सहा आठवडे दोन्ही म्हणवून घ्या, मग ‘वीस सात’ आपोआप गळून पडतं. ‘एकोण’ म्हणजे एकनं कमी हे मात्र आवर्जून सांगा. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी यांवर सगळी मुलं अडखळतात. साठाला एक कमी, सत्तराला एक कमी असं म्हणत गेली की अडखळणं थांबतं. नव्व्याण्णव तेवढा या रांगेत बसत नाही, तो वेगळा पाठ करावा.

उलट अपूर्णांकात आपली भाषा इतकी समृद्ध आहे की ती न वापरणं हे नुकसानच. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द पोरांच्या तोंडात आधीपासून असतात. सव्वादोनशे म्हणजे २२५, पावणेदोनशे म्हणजे १७५, अडीच हजार म्हणजे २५००. जुनी माणसं पावकी, निमकी, दिडकी, म्हणजे पाव, अर्धा, दीड यांचे पाढे, पाठ म्हणायची. सगळी पाठ करायची गरज नाही, पण रविवारी आमच्या कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या बाजारात ८० रुपये किलोची भाजी पाव किलो कितीला, पाऊण किलो कितीला, दीड किलो कितीला, हे मुलानं तिथंच सांगितलं पाहिजे: २०, ६०, १२०. दशांश शिकवताना मात्र पैशांवर भर देऊ नका. रुपये आणि पैसे ही मुलाला दोन वेगळी नाणी वाटतात, ‘५.५ रुपये म्हणजे पाच रुपये पाच पैसे’ असं ते म्हणतं. त्यापेक्षा शिंप्याची टेप घ्या. दीड मीटर म्हणजे १.५ मीटर आणि १५० सेंटीमीटर, हे डोळ्यांना दिसतं.

परदेशी पुस्तक घेतलं असेल तर धडा आदल्या रात्री पेन हातात घेऊन वाचा. गॅलन, पौंड, इंच यांचा मापनाचा सगळा धडा सरळ सोडा आणि त्याजागी बालभारतीचा घ्या, पीडीएफ फुकट मिळते. मोठ्या संख्यांतले स्वल्पविराम बदला, १,२३४,५६७ ऐवजी १२,३४,५६७, नाहीतर लाख आणि मिलियन यांची खिचडी होते. पट्ट्यांची चित्रं काढून शाब्दिक उदाहरण सोडवायची रीत मात्र जशीच्या तशी ठेवा, ती खरंच मोलाची आहे. क्षेत्रफळासाठी ३३ फूट दोरी घेऊन शेतात जा. ३३ बाय ३३ फूट म्हणजे १०८९ चौरस फूट, एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एकर. ऊस बघत वाढलेल्या मुलाला चौरस फूट असा एकदा पायाखालून गेला की कायमचा कळतो.

झटपट युक्त्यांचे वर्ग, बोटांवरचं आणि मण्यांचं वेगवान गणित, यांच्या मी विरोधात आहे. वेग येतो, पाहुण्यांसमोर छान दिसतं, पण ४०२० ÷ ४ तिथंच राहतं. पाढे दहा बाय दहापर्यंत मात्र तोंडपाठच हवेत. सहा सक्कं आठवेना तर सहा पाचे तीस आणि सहा, असं शोधता आलं पाहिजे, मग पाठांतर. तिसापर्यंत पाढे आले नाहीत म्हणून कुणी रडवू नये.

वेळ कमी ठेवा. सात-आठ वर्षांच्या मुलाला वीस-पंचवीस मिनिटं, दहा वर्षांपुढं चाळीस. त्यात पाच मिनिटं तोंडी, मग नवं, आणि निदान एक तृतीयांश वेळ मागच्या महिन्याची उदाहरणं. वहीवर तारीख घाला. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मूल शाळेत न घालणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. अशा गावात ‘पोर शाळेत का नाही?’ हा प्रश्न आजोबा विचारणारच, आणि विचारलाच पाहिजे. तारखेनिशी भरलेल्या वह्या हेच त्याला उत्तर.

दहावीचा विचार अकराव्या-बाराव्या वर्षी करा. १७ नंबरचा, म्हणजे शाळेबाहेरून बसणाऱ्यांचा, फॉर्म भरून राज्य मंडळाची दहावी द्यायची तर गणिताचे दोन पेपर असतात, बीजगणित आणि भूमिती, प्रत्येकी ४० गुणांचे. अमेरिकन संचात भूमिती एका वर्षात एकदम येते, आपल्याकडे ती बीजगणिताच्या जोडीनं चालते. तो संच वापरणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलानं समरूपता, वर्तुळ, त्रिकोणमिती पाहिलेलीच नसेल, आणि अर्थनियोजनाच्या धड्यातला जीएसटी आणि शेअर तर नक्कीच नाहीत. ही सुद्धा फटच, तोच फुलस्केप कागद तेव्हाही काढा. भूमितीत आणखी एक: घरी शिकलेली मुलं तोंडी पटकन बरोबर सांगतात आणि लिहिताना दोन पायऱ्या गाळतात. सिद्धतेत प्रत्येक विधानापुढं कंसात कारण लागतं, त्यालाही गुण असतात. सातवीच्या पुस्तकापासूनच पानावर मधोमध रेघ मारा, डावीकडं विधान, उजवीकडं कारण. ‘दिसतंय की’ हे कारण धरायचं नाही, हे पहिल्या दिवशीच सांगा.