जाळ्यात अडकलेले समुद्री कासव कसे सोडवावे

समुद्री कासव फुप्फुसांनी श्वास घेते, त्यामुळे ओढजाळ्यात अडकून वर येता न आल्यास ते पाण्यातच गुदमरते. मात्र जाळ्यातून निघालेले निपचित कासव मेलेलेच असेल असे मुळीच गृहीत धरू नये, कारण अशी कित्येक कासवे केवळ बेशुद्ध असतात आणि घाईने पाण्यात टाकल्यामुळेच बुडतात.

त्याला पायांना किंवा दोरीला धरून न ओढता कवचाच्या कडांना धरून उचलावे, पोटावर ठेवावे आणि मागची बाजू किमान १५ सेंटीमीटर उंच राहील असा आधार द्यावा, म्हणजे फुप्फुसांत शिरलेले पाणी निथळते. उताणे करून पोट दाबण्याचा जुना उपाय घातक आहे. अंगावर ओले फडके टाकून सावलीत ठेवावे, नाकपुड्या मात्र मोकळ्या असाव्यात. अधूनमधून पापणीला किंवा शेपटीला हलकेच स्पर्श करून हालचाल होते का ते पाहावे. शुद्धीवर यायला ४ ते २४ तास लागू शकतात, तेवढा धीर धरायलाच हवा.

गळ खोल गिळला असल्यास तो उपटू नये, तर तंगूस (गळाला बांधलेला नायलॉनचा दोरा) शक्य तितका तोंडाजवळ कापावा. पायाभोवती गुंडाळलेला तंगूस पूर्ण काढावा, कारण तो रुतत जाऊन अखेर पायच निकामी करतो.

कासव तरतरीत झाल्यावर इंजिन न्यूट्रलमध्ये ठेवून, जाळी वर ओढून घेऊन, त्याला डोक्याच्या बाजूने अलगद पाण्यात सोडावे.