जाम एक्सल नट सोडवताय? पाइप उचलण्याआधी या चुका टाळा

नवी मुंबईत जुनी पिकअप चालवायची म्हणजे एक्सल नटाला, म्हणजे चाकाच्या मधोमध एक्सलच्या टोकावर बसणाऱ्या मोठ्या नटाला, गंज चढणारच, त्यात गाडीवाल्याचा दोष नाही. एका अंगाला ठाण्याची खाडी, दुसऱ्या अंगाला पनवेलची. जून ते सप्टेंबर रस्त्यात पाणी. गाडी मासळीची असेल तर हौद्यातून गळणारं बर्फाचं खारं पाणी थेट मागच्या चाकांवर. लोखंड गंजलं की फुगतं, गंज मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. नट आणि एक्सलच्या आट्यांमध्ये केसाएवढी फट असते, ती या गंजाने ठासून भरते आणि नट धरून बसतो. गंज नुसत्या ताकदीने निघत नाही. तो भिजवून, ठोकून, थोडंथोडं हलवून निघतो. एवढं कळलं तरी निम्म्या चुका होणार नाहीत.

आमच्या गॅरेजमध्ये एपीएमसी मार्केटच्या भाजीच्या गाड्या येतात, कळंबोलीच्या लोखंड बाजारातल्या येतात, दिवाळे गावातून मासळीच्या येतात. नट खराब करून आणलेल्या बहुतेक गाड्यांमागे तीच घाई असते. बेअरिंग वाजायला लागतं, मोबाइलवर एखादा व्हिडिओ बघितला जातो, त्यात दोन मिनिटांत नट सुटलेला दिसतो. त्या व्हिडिओतला नट आधीच किती वेळा सोडला होता, हे कोणी दाखवत नाही.

लॉक न उघडता नट फिरवणं

सगळ्यात महाग चूक हीच, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर सांगतो.

एक्सल नट आपोआप सुटू नये म्हणून त्याला काही ना काही लॉक असतं. कुठे मुकुटासारख्या खाचा असलेला नट आणि त्यातून आरपार स्प्लिट पिन. कुठे दोन मोठे नट आणि मध्ये वाकवलेली लॉक वॉशर. आणि कुठे नटाची पातळ कॉलर ठोकून एक्सलच्या खाचेत दाबलेली असते. हा तिसरा प्रकार सगळ्यात फसवा, कारण गंज, माती आणि ग्रीस साठलं की ती दाबलेली जागा दिसतच नाही. नट साधा वाटतो आणि लोक सरळ पाना लावतात.

दिवाळे गावातला एक गाडीवाला. नारळी पौर्णिमा झालेली, होड्या समुद्रात, मासळीचा धंदा जोरात, आणि नेमकं मागच्या डाव्या चाकाचं बेअरिंग ओरडायला लागलं. एक दिवस गाडी उभी ठेवायची तर धंदा बुडतो, म्हणून त्याने आणि त्याच्या भाच्याने रात्री घराजवळच काम काढलं. नळाचा लांबलचक लोखंडी पाइप हँडलवर चढवला आणि दोघंही त्यावर लोंबकळले. नट हलला. अर्धा फेरा फिरला, मग जड होत गेला, तरी फिरत होता, म्हणून दोघं खूश. पुढे तो असा अडकला की ना पुढे ना मागे. मग वाटेतल्या एका वेल्डिंगवाल्याकडून गॅसचा शेक दिला. हबमधून, म्हणजे चाकाच्या मधल्या भागातून, धूर आला, सील वितळलं, ग्रीस पातळ होऊन ड्रममध्ये उतरलं आणि ब्रेकचे लायनरही त्यात भिजले. सकाळी गाडी टो करून आमच्या दारात.

"दादा, सुटत होता हो, मध्येच अडला," तो म्हणाला. सुटत नव्हता. खाचेत दाबलेली कॉलर प्रत्येक फेऱ्याला एक्सलचे आटे सोलत पुढे सरकत होती. आम्ही नट कापून काढला, तेव्हा खालचे आटे डाय (आटे पाडायचं हत्यार) फिरवूनही सावरण्याजोगे राहिले नव्हते. बदलायचं होतं फक्त बेअरिंग. बदलावं लागलं बेअरिंग, सील, एक्सल आणि दोन्ही बाजूंचे लायनर, कारण लायनर एका बाजूला नवे आणि दुसऱ्या बाजूला जुने ठेवले तर ब्रेक मारल्यावर गाडी एका अंगाला खेचते. पार्ट येईपर्यंत गाडी उभी होती ते वेगळंच. तो माणूस कष्टाळू आहे, हुशारही आहे. पाच मिनिटं वायर ब्रश मारून नटाचं तोंड बघितलं असतं, तर हे सगळं टळलं असतं.

माझी सवय सांगतो. चाकाच्या मधली टोपी काढली की पहिलं हत्यार वायर ब्रश. नटाचं तोंड आणि बाहेर आलेले आटे चकचकीत होईपर्यंत घासायचे, मग बॅटरी धरून एक फेरी बघायचं. कॉलर दाबलेली दिसली तर खाचेच्या रुंदीची छिन्नी घेऊन हलक्या हाताने ती वर उचलायची, पूर्ण वर. छिन्नीची सपाट बाजू आट्यांकडे ठेवायची, म्हणजे आटे ओरखडत नाहीत. स्प्लिट पिन गंजून आतच तुटली असेल तर बारीक पंचने ठोकून काढायची. तुटलेला तुकडा आत राहू द्यायचा आणि नट फिरवताना तो कापला जाईल असं समजायचं, हा आळस आहे.

स्प्रे मारला आणि लगेच पाना लावला

गंज सैल करणारं तेल आट्यांत उतरायला वेळ लागतो. दहा मिनिटांत काही होत नाही. संध्याकाळी नट घासून तेल सोडा. मग हातोड्याने नटाच्या प्रत्येक सपाट बाजूवर आळीपाळीने टकटक ठोका. मोडायचं नाही, हलवायचं. त्या कंपनाने गंजाचे कण तडकतात आणि तेल आत ओढलं जातं. रात्री झोपायच्या आधी पुन्हा तेल, सकाळी पुन्हा तेल आणि टकटक. बिजागऱ्यांना मारायचा साधा स्प्रे या कामाला कमी पडतो, गंजासाठीचं वेगळं तेल मिळतं ते आणा.

आणि नट एकदम उघडायच्या दिशेला ओढू नका. आधी किंचित घट्ट करा, मग सैल, पुन्हा किंचित घट्ट. गंजाची पकड तुटते ती या मागेपुढे करण्यात. थोडा फिरल्यावर जड वाटला तर मागे घ्या, तेल सोडा, पुन्हा पुढे. ज्यांना एका दमात नट बाहेर हवा असतो, त्यांच्या हातात आट्यांचे तुकडे येतात.

जॅकवर चढवलेल्या गाडीला पाइप लावणं

यावर मी भांडायलाही तयार आहे. ७० किलोचा माणूस १ मीटर पाइपच्या टोकाला पूर्ण वजनाने लटकला की नटावर जवळपास ७०० न्यूटन-मीटर जोर पडतो. बऱ्याच गाड्यांत हा नट २०० ते ३०० न्यूटन-मीटरला बसवलेला असतो. एवढा जोर जॅकवरच्या गाडीला लावला की जॅक तिरका होतो आणि गाडी खाली येते. नट पहिल्यांदा सैल करायचा तो चाक जमिनीवर असताना. गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, दोन चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे, आणि एक जण ब्रेकवर पाय ठेवून. नट हलला की पाव फेऱ्यावर थांबायचं, मग जॅक, मग घोडी (गाडीखाली लावायचा लोखंडी स्टँड), आणि पुढचं काम घोडीवर. नट सैल असताना गाडी चाकांवर ढकलत नेऊ नका, बेअरिंगची वाट लागते.

अर्धा इंची रॅचेटला पाइप लावू नका, आतले दाते तुटतात आणि तुमची बोटं भिंतीवर आपटतात. पाऊण इंची सरळ हँडल आणि सहा कोनांची जाड गोटी (सॉकेट) घ्या. बारा कोनांची गोटी गंजलेल्या नटाचे कोपरे गोल करते. एअर गन लावणार असाल तर गोटी काळी, इम्पॅक्टची हवी. चकचकीत क्रोमची गोटी तडकली तर तुकडा डोळ्यात जातो.

काही जुन्या गाड्यांत डाव्या बाजूला उलटे आटे असतात. बाहेर आलेल्या आट्यांचा कल बघून घ्या.

गॅसचा शेक

उष्णतेला माझा विरोध नाही, पण ती नटाला द्यायची असते, हबला नाही. २४ मिलिमीटरचा नट २०० अंशांनी तापला तर त्याचं भोक सुमारे ०.०६ मिलिमीटरने मोठं होतं. गंज तुटायला तेवढं पुरतं, पण एक्सल तापायच्या आत. म्हणजे बारीक ज्योत, फक्त नटाच्या बाजूंवर, थोडाच वेळ. वेल्डिंगवाल्याच्या मोठ्या ज्योतीने सगळंच सारखं तापतं आणि फायदा निघून जातो. साध्या रबरी सीलला १०० अंशांच्या थोडं वर गेलं की त्रास सुरू होतो, बेअरिंगचं लिथियम ग्रीस १८०-१९० च्या आसपास पातळ होऊन गळायला लागतं. तेल शिंपडलेल्या नटाला ज्योत लावायची नाही, आधी पुसून कोरडं करायचं. शेक दिल्यावर ज्योत बाजूला ठेवून तापलेल्या आट्यांवर मेणबत्तीचा तुकडा टेकवतो. मेण वितळून आत ओढलं जातं, आणि हा उपाय मला तेलापेक्षा जास्त वेळा फळला आहे.

नट वाचवण्याचा हट्ट

दोन रात्री भिजवूनही नट हलला नाही तर तो कापा. बरेच जण नट वाचवायला जातात आणि एक्सल घालवून बसतात. नट स्वस्त आहे. ग्राइंडरने एका सपाट बाजूवर एक्सलच्या रेषेत काप घ्या, आटे लागायच्या मिलिमीटरभर आधी थांबा, कापात छिन्नी घालून एक दणका द्या. नट तडकतो, फाकतो आणि हाताने निघतो. डोळ्यांना चष्मा लावूनच. कॉलर दाबलेला नट चांगल्या अवस्थेत निघाला तरी परत बसवू नका, स्प्लिट पिनही नवीनच घाला.

बसवताना

इथे घाईचा हिशेब पुन्हा निघतो. मुकुटाच्या नटामागे टेपर (निमुळत्या रोलरचं) बेअरिंग असेल तर तो नट एअर गनने आवळणं म्हणजे बेअरिंग जाळायला घालणं. चाक हाताने फिरवत नट आवळायचा, बेअरिंग बसलं की मागे घ्यायचा, आणि मॅन्युअलमध्ये दिलेली ढील ठेवून पिन घालायची. पुढची चाकं फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा नट मात्र टॉर्क रेंचनेच (जोर मोजून आवळायचा पाना), मॅन्युअलमधल्या आकड्यावर.

बसवण्याआधी आटे ब्रशने साफ करून तेलाचा पातळ हात फिरवा. मधली टोपी चेपलेली असेल तर बदला, पाणी तिथूनच शिरतं. मासळीची गाडी असेल तर रोज रात्री चाकं आतून गोड्या पाण्याने धुवा, आणि मे महिन्यात, पाऊस लागायच्या आधी, टोपी काढून एकदा आत बघा.