भाव वाढेल म्हणून थांबताय? बेसबॉलच्या जुन्या खेळाडूंच्या या चुका टाळा

आमचे निफाडचे मामा दरवर्षी उन्हाळ कांदा चाळीत भरतात, मामी दरवर्षी म्हणते निम्मा तरी आत्ताच काढा, आणि मामा म्हणतात थांब गं, गणपतीनंतर भाव येतो. कधी येतो, कधी नाही येत. पण तोवर चाळीतला कांदा काही गप्प बसत नाही, वजन घटतं, खालचा थर सडतो, राहिलेल्याला कोंब फुटतात. मी इकडे न्यू जर्सीत, बेसबॉलचा नाद लागून बरीच वर्षं झाली, आणि फेब्रुवारी उजाडला तरी एखादा तिशीतला पिचर (बेसबॉलचा बॉलर) कॉन्ट्रॅक्टशिवाय घरी बसलेला दिसला की मला मामांची चाळच डोळ्यासमोर येते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या बेसबॉल लीगमध्ये, 6 वर्षांची सर्व्हिस झाली आणि कॉन्ट्रॅक्ट संपलं की खेळाडू फ्री एजंट होतो, कुठल्याही टीमशी बोलायला मोकळा. आयपीएलसारखा एका दिवसात हातोडा पडत नाही इथे. नोव्हेंबरात बाजार उघडतो आणि मग तुम्ही मार्चपर्यंत बसा नाहीतर जूनपर्यंत बसा, तुमची मर्जी. बसायला माझी हरकत नाहीच, फक्त कोणत्या तारखेपर्यंत बसणार आणि त्या तारखेला नक्की काय बदलणार हे सांगता आलं पाहिजे. घोळ होतो तो तिथेच.

ऑफर नाकारली, पण पाठीला काय चिकटलं ते बघितलंच नाही

सगळ्यात जास्त लोक इथे आपटलेत. जुनी टीम तुम्हाला एका वर्षाची क्वालिफाइंग ऑफर देते, रक्कम ठरलेली, लीगमधल्या सगळ्यात महागड्या 125 पगारांची सरासरी. नाकारली तर तुम्ही मोकळे, पण मग जी नवी टीम तुम्हाला घेईल तिला ड्राफ्टमधला (नवे खेळाडू पाळीपाळीने निवडायच्या कार्यक्रमातला) पिक, म्हणजे निवडीची एक पाळी, गमवावी लागते. म्हणजे तुमच्या किमतीवर न दिसणारा टॅक्स बसला. सुपरस्टार असाल तर टीम तो टॅक्स हसत भरते, मध्यम दर्जाचे असाल तर फोन वाजायचा बंद होतो.

2013 च्या शेवटी स्टीफन ड्रू आणि केंड्रिस मोरालेस, दोघांनी 1.41 कोटी डॉलरची ऑफर नाकारली. ड्रू तर नुकताच रेड सॉक्सबरोबर वर्ल्ड सिरीज, म्हणजे लीगची फायनल, जिंकलेला. हिवाळा गेला, स्प्रिंग ट्रेनिंग (सीझनआधीचा सराव) गेलं, सीझन सुरू झाला, दोघंही घरीच. शेवटी मे महिन्यात ड्रू परत रेड सॉक्सकडेच गेला, कारण जुन्या टीमला पिक गमवावा लागत नाही ना, आणि तेही साधारण 1 कोटीच्या आसपास. मोरालेस जूनमध्ये ड्राफ्ट झाल्यावर ट्विन्सकडे. त्या वर्षी ड्रूची बॅटिंग ॲव्हरेज .162 (दर 100 प्रयत्नांत जेमतेम 16 हिट) आणि मोरालेसची .218, आदल्या वर्षी 23 होमरन (आपल्या सिक्ससारखे) मारलेला माणूस 8 वर आला.

माइक मुस्ताकसचं मला जास्त वाईट वाटतं, कारण त्याने 2017 मध्ये 38 होमरन मारून रॉयल्सचा रेकॉर्ड मोडला होता. 1.74 कोटींना नाही म्हणाला आणि मार्चमध्ये त्याच रॉयल्सकडे 65 लाखांवर सही केली.

आता यातला बारकावा, जो बातम्यांमध्ये कोणी नीट सांगत नाही. ड्राफ्ट सुरू झाला की हा टॅक्स गळून पडतो. म्हणून 2019 मध्ये क्रेग किंब्रेल आणि डॅलस काइकल दोघांनाही जूनमध्ये, ड्राफ्टनंतर दोन-चार दिवसांतच टीम मिळाली, तो योगायोग नव्हता. आणि दुसरं म्हणजे आताच्या नियमाने ही ऑफर एका खेळाडूला आयुष्यात एकदाच मिळते. काइकलने 1.79 कोटी सोडून अर्धा सीझन ब्रेव्ह्जकडे 1.3 कोटींत काढला, पण त्याच हिवाळ्यात कुठलाही टॅक्स पाठीवर नसताना व्हाइट सॉक्सकडून 3 वर्षांचे 5.55 कोटी घेतले. याला मी चूक म्हणणार नाही.

दुसऱ्याचा जुना भाव धरून बसणं

किंब्रेलचं गणित असं असणार की 2016 च्या डिसेंबरात क्लोजर (शेवटी येऊन मॅच संपवणारे पिचर) लोकांना काय मिळालं बघा, अरोल्डिस चॅपमनला 5 वर्षांचे 8.6 कोटी, केनली जॅन्सनला 5 वर्षांचे 8 कोटी, आणि मी तर 2018 ला 42 सेव्ह केलेत, म्हणजे 42 मॅचमध्ये आघाडी शेवटपर्यंत टिकवलीये, वर्ल्ड सिरीज जिंकलीये. बातम्यांनुसार मागणी होती 6 वर्षं आणि 10 कोटींच्या वर. मिळाले किती, तर 3 वर्षांचे 4.3 कोटी, तेही जून उजाडल्यावर. शेजारच्या बिल्डिंगमधला फ्लॅट दोन वर्षांपूर्वी अमुक रेटने गेला म्हणून माझाही जाणार, असं म्हणणारे काका प्रत्येक सोसायटीत असतात. तो फ्लॅट घेणाऱ्याला तेव्हा गरज होती हो काका.

याहून जुनं उदाहरण जोडी रीडचं. 1993 मध्ये डॉजर्सनी 3 वर्षांचे 78 लाख देऊ केले, रीडने नाकारले, आणि शेवटी ब्रूअर्सकडे मायनर लीगच्या (खालच्या पातळीच्या लीगच्या) कॉन्ट्रॅक्टवर साडेतीन लाखांच्या बेसिकवर जावं लागलं. अजूनही हा विषय निघाला की अमेरिकन लोक त्याचंच नाव काढतात, बिचारा.

हात म्हणजे सोनं नाही, की लॉकरमध्ये ठेवलं आणि तसंच राहिलं

यावर जरा सविस्तर, कारण पैशांचा घोळ लोकांना दिसतो पण हा दिसत नाही. फेब्रुवारीच्या मध्याला पिचर आणि कॅचर (त्यांचे विकेटकीपर) सगळ्यात आधी कॅम्पला का बोलावतात? कारण स्टार्टिंग पिचरला (मॅचची सुरुवात करणाऱ्याला) पहिल्या मॅचला एकदोन इनिंग, पाच दिवसांनी थोडं जास्त, परत पाच दिवसांनी अजून थोडं, असं चढवत चढवत 85-90 पिचपर्यंत (म्हणजे बॉलपर्यंत) न्यावं लागतं, आणि समोर खरे बॅट्समन लागतात जे वाईट बॉलची शिक्षा देतात. एजंट म्हणतात की आमचा माणूस रोज कुठल्यातरी कॉलेजच्या ग्राउंडवर टाकतोय, एकदम फिट आहे. टाकत असेल हो. पण कॉलेजच्या पोरांना टाकणं आणि मेजर लीगच्या तिसऱ्या-चौथ्या नंबरच्या बॅट्समनला टाकणं यात जमीन-अस्मानाचा फरक.

किंब्रेल जूनच्या शेवटी कब्जकडून उतरला आणि 21 पेक्षा कमी इनिंग्जमध्ये 9 होमरन खाल्ले, ईआरए 6.53, म्हणजे 9 इनिंग्जमागे साडेसहा रन याच्या खात्यावर. आमच्या ऑफिसच्या फँटसी लीगमध्ये ज्याने सही झाल्या झाल्या धावत जाऊन किंब्रेलला उचललं तो शहाणा मीच, त्यामुळे यातला प्रत्येक होमरन मला व्यक्तिशः लागलाय.

ब्लेक स्नेल बघा. 2023 चा साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरच्या पुरस्काराचा, विजेता, आणि सही कधी, तर 2024 च्या मार्चमधला तिसरा आठवडा, जायंट्सकडे 2 वर्षांचे 6.2 कोटी. पहिल्या 6 स्टार्टमध्ये ईआरए 9.51 आणि मध्ये दोनदा दुखापत. जुलैत परत आला आणि मग वेगळाच माणूस, 2 ऑगस्टला सिनसिनाटीत नो-हिटर टाकली, म्हणजे अख्ख्या मॅचमध्ये समोरच्यांना एकही हिट नाही. म्हणजे कला कुठे गेली नव्हती, चढवायला जे आठवडे लागतात ते त्याने एप्रिल-मेमध्ये, टीमच्या पॉइंट्स टेबलच्या खर्चाने भरून काढले.

जॉर्डन माँटगोमेरीचं मात्र सुधारलंच नाही. रेंजर्सबरोबर 2023 ची वर्ल्ड सिरीज जिंकला, मार्चच्या शेवटी डायमंडबॅक्सकडे एका वर्षाचे 2.5 कोटी, पहिली मॅच चांगली टाकली आणि नंतर घसरण, सीझनचा ईआरए 6.23. टीमच्या मालकाने उघडपणे सांगितलं की याला घेणं ही माझी चूक. यात गंमत अशी की सीझनच्या मध्यात ट्रेड झाल्यामुळे (एका टीमने दुसरीला दिल्यामुळे) माँटगोमेरीला क्वालिफाइंग ऑफर मिळूच शकत नव्हती, टॅक्स नाही काही नाही, म्हणजे ड्राफ्टची वाट बघायचंही कारण नव्हतं. नुसता भाव.

सगळं एजंटवर ढकलणं

माँटगोमेरीने सही करून महिना व्हायच्या आतच आपल्या एजंटला, स्कॉट बोरासला, सोडलं. बोरासवर राग काढणं सोपं आहे, त्या हिवाळ्यात स्नेल, माँटगोमेरी, बेलिंजर, मॅट चॅपमन चौघंही त्याचेच आणि चौघंही लटकलेले. पण एजंटकडे पुढच्या वर्षी नवे खेळाडू असतात, तुमचा एकतिसावा वाढदिवस एकदाच येतो, हा विचार सही करायच्या आधी करायचा की नंतर?

मार्च उजाडला, आता काय करायचं?

अडकलाच असाल तर सरळ मार्ग म्हणजे छोटं कॉन्ट्रॅक्ट आणि त्यात ऑप्ट-आउट, म्हणजे एका वर्षाने वाटलं तर मोडून परत बाजारात. स्नेलने तेच केलं आणि नोव्हेंबरात डॉजर्सकडून 5 वर्षांचे 18.2 कोटी घेतले. मॅट चॅपमनने 3 वर्षांच्या 5.4 कोटींवर जायंट्सकडे सही केली आणि सप्टेंबरात जायंट्सनीच 6 वर्षांचे 15.1 कोटी दिले.

पीट अलोन्सोचा हिशोब तर मी कागदावर मांडून बघितला. बातम्यांनुसार 2023 मध्ये मेट्सनी 7 वर्षांचे 15.8 कोटी देऊ केले होते, त्याने नाही म्हटलं. 2025 च्या फेब्रुवारीपर्यंत लटकला, मालक स्टीव्ह कोहेन वैतागून फॅन्ससमोर बोलला, आणि शेवटी ऑप्ट-आउटवालं 2 वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट. तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. आता धरा, 2024 चे 2.05 कोटी, 2025 चे 3 कोटी, मग 38 होमरन मारून ऑप्ट-आउट आणि ओरिओल्सचे 5 वर्षांचे 15.5 कोटी. झाले 20.55 कोटी, वर्षं तीच सात. हसणं बंद.

दुसरा उपाय जरा मान खाली घालायला लावणारा आहे. 5 वर्षं सर्व्हिस झालेल्या खेळाडूला त्याच्या परवानगीशिवाय मायनर लीगला पाठवता येत नाही, तर ती परवानगी सही करतानाच द्यायची. जे.डी. मार्टिनेझ 36 वर्षांचा, मोठा बॅट्समन, 2024 च्या मार्चमध्ये मेट्सकडे 1.2 कोटींवर आला आणि आधी मायनर लीगमध्ये जाऊन बॅटिंगचा हात बसवायला तयार झाला. कंबर धरली म्हणून उशीर झाला, एप्रिलच्या शेवटी खेळायला लागला. माँटगोमेरीही रेनोला, डायमंडबॅक्सच्या मायनर लीग टीमकडे, जाऊन दोन मॅच टाकून आलाच होता, पुरल्या नाहीत. फँटसी लीगवाल्यांनो, मार्चच्या शेवटी सही केलेल्या पिचरला मी हल्ली जूनपर्यंत हातच लावत नाही, आणि तेव्हाही आधी त्याने मागच्या तीन मॅचमध्ये किती पिच टाकलेत ते बघतो, नाव बघत नाही.