दूरच्या क्वेसारकडे दुर्बीण वळवण्याआधी

सगळ्यात आधी क्वेसारची (दूरच्या दीर्घिकेच्या अतितेजस्वी गाभ्याची) रेडशिफ्ट, म्हणजे प्रकाश किती ताणला गेला यावरून कळणारं अंतराचं माप, बघा. चंद्र, हवामान, वेळापत्रक हे सगळं नंतर. तिथून निघालेला गॅमा किरण, म्हणजे सर्वात जास्त ऊर्जेचा प्रकाश, वाटेतच लुटला जातो. ताऱ्यांचा आणि धुळीचा युगानुयुगांचा प्रकाश अवकाशात साचून आहे. त्यातल्या एखाद्या फोटॉनवर गॅमा आदळला की इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी जन्मते आणि गॅमा संपतो. अंतर आणि ऊर्जा वाढली की लूटही वाढते. पीकेएस १४४१+२५ हा क्वेसार ०.९४ रेडशिफ्टवर आहे. २०१५ मध्ये तो अचानक उजळला, त्या भडक्यात मॅजिक या गॅमा दुर्बिणींना त्याचा वर्णपट साधारण ४० ते २५० जीईव्हीपर्यंतच (जीईव्ही म्हणजे अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट) मिळाला. तेव्हा टीईव्हीची (हजार जीईव्हीची) आशा यादीतून खोडून टाका.

एकदा हे मान्य केलं की पुढचं बरंचसं आपोआप ठरतं. जमिनीवरची दुर्बीण गॅमा किरण नव्हे, तर त्याने हवेत उठणारी निळसर चेरेन्कोव्ह चमक टिपते; कमी ऊर्जेच्या किरणाची ही चमक फिकी असते आणि काही नॅनोसेकंदांत विझते, म्हणून आरसा मोठा हवा: स्पेनच्या ला पाल्मा बेटावरच्या मॅजिकचे १७ मीटरचे दोन, लडाखमधल्या हानलेच्या मेसचा २१ मीटरचा, नामिबियातल्या हेसचा सर्वात मोठा २८ मीटरचा. क्वेसारही जमेल तेवढा माथ्यावर हवा, कारण तो क्षितिजाकडे कलला की चमक जास्त हवेतून येते आणि कमी ऊर्जेचे किरण हातचे जातात. ३सी २७९ हा क्वेसार ला पाल्माहून खमध्याच्या (डोक्यावरच्या बिंदूच्या) ३४ अंशांहून जवळ येतच नाही. म्हणून तो मध्यमंडलावर (आकाशातल्या सर्वात उंच जागी) येण्याच्या तास-दीड तास आधी आणि तेवढाच नंतर, एवढीच वेळ मागा. उरलेली रात्र दुसऱ्याला द्या.

निर्देशांक दोघांनी मोठ्याने वाचून ताडून घ्या. ३सी २७९ ची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं उत्तर-दक्षिण अंतर) उणे ५ अंश ४७ मिनिटं. मी एकदा लक्ष्यांच्या फाइलमध्ये ते उणे चिन्ह गाळलं. दुर्बीण निमूटपणे साडेअकरा अंश उत्तरेला जाऊन थांबली. वीस मिनिटं रिकाम्या आकाशाचा डेटा घेतला, मग कोणीतरी विचारलं, हे तारे ओळखीचे का वाटत नाहीत?

चंद्राचं वेळापत्रक भिंतीवर लावा, आणि त्यावर चिडू नका. जुलै २०१४ मध्ये गॅमा किरण बघणाऱ्या फर्मी उपग्रहाला क्यूएसओ बी०२१८+३५७ या क्वेसारचा भडका दिसला, पण पौर्णिमेच्या उजेडामुळे मॅजिक बंद. या क्वेसारचा प्रकाश मधल्या दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने दोन वाटांनी येतो आणि दुसरी वाट सुमारे ११ दिवसांनी लांब. तोच भडका पुन्हा येणार हे माहीत होतं; चंद्र बाजूला झाला, मॅजिकने तो टिपला. असं नशीब दर वेळी नसतं, म्हणून फर्मीवर रोज नजर हवी. २००८ पासून तो दर तीन तासांनी सगळं आकाश चाळतो आणि त्याचा डेटा सर्वांना खुला आहे. नेहमीच्या किती पट उजेड झाला की निघायचं, मध्यरात्री कोणी कोणाला उठवायचं, हे आधीच कागदावर असू द्या. स्विफ्ट उपग्रहाकडे क्ष-किरण निरीक्षण मागणारा अर्जही लिहून तयार ठेवा; भडका विझल्यावर तो लिहून उपयोग नाही.

क्वेसार कॅमेऱ्याच्या मध्यावर धरू नका, ०.४ अंश बाजूला ठेवा आणि दर वीस मिनिटांनी बाजू बदला. त्यामुळे पार्श्वभूमी त्याच डेटातून मिळते, रिकाम्या आकाशावर वेगळी वेळ घालवावी लागत नाही. आकाशात त्याच उंचीवर असताना घेतलेला क्रॅब नेब्युलाचा थोडा डेटाही पडताळणीसाठी हाताशी असू द्या, कारण त्याचं तेज आधीच ठाऊक असतं. पावसाचा सेन्सर, कॅमेऱ्याचं झाकण, लायडार (हवेची पारदर्शकता मोजणारा लेसर) ही शिफ्टची रोजचीच कामं, त्यांवर शब्द खर्चत नाही.

विश्लेषणाचे कट्स (कोणत्या नोंदी ठेवायच्या आणि कोणत्या गाळायच्या याच्या मर्यादा) मात्र डेटा उघडण्याआधी ठरवून तारखेसह नोंदवा. साडेचार सिग्मा (शोध म्हणायला पाच लागतात) दिसल्यावर एखादा कट जरासा ढिला करायचा मोह भल्याभल्यांना होतो, मलाही झाला आहे.