एकच काडतूस, दोन हत्यारं : कार्बाइन आणि रिव्हॉल्वरमधला गोळीचा वेग कसा मोजावा

विंचेस्टर या अमेरिकी बंदूक कंपनीने १८७३ साली आपल्या लिव्हर रायफलीसाठी (खालचा दांडा हलवून गोळी चेंबरमध्ये भरायची रायफल) .४४-४० हे काडतूस आणलं. त्यात ४० ग्रेन (वजनाचं छोटं एकक) काळी दारू आणि २०० ग्रेनची शिशाची गोळी असे. काही वर्षांतच कोल्ट या दुसऱ्या अमेरिकी कंपनीने याच काडतुसाचं रिव्हॉल्वर काढलं आणि अमेरिकेच्या पश्चिमेत दोन्ही हत्यारांना एकच दारूगोळा पुरू लागला. वेग मात्र दोन्हींत सारखा नसतो. आजच्या कारखानी २०० ग्रेनच्या काडतुसाचा वेग २४ इंची नळीतून सेकंदाला १,१९० फूट सांगितला जातो, तर साडेसात इंची रिव्हॉल्वरमधून तो साधारण ९०० फुटांच्या आसपास राहतो. ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलत असल्याने एवढ्या फरकात ती पावणेदोन पट होते.

हा फरक स्वतः मोजायचा, तर आधी हत्यारं जाणकार गनस्मिथकडून (बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडून) तपासून घ्या. कोल्टने आपल्या सिंगल अॅक्शन रिव्हॉल्वरला धूरविरहित दारूसाठी (काळ्या दारूनंतर आलेली, जास्त जोरकस दारू) हमी दिली ती १९०० मध्ये. त्याआधीच्या नगात फक्त काळी दारू वापरा. विंचेस्टरच्या मॉडेल १८९२ रायफलीसाठी निघालेली जुनी ‘हाय व्हेलॉसिटी’ काडतुसं रिव्हॉल्वरमध्ये किंवा मॉडेल १८७३ मध्ये कधीही घालू नका. काडतूस आत बसतं, पण तो दाब या हत्यारांना झेपत नाही.

१. नळीची लांबी मोजा. रायफलीची लांबी चेंबर (काडतूस बसतं तो भाग) धरून मोजतात, रिव्हॉल्वरची सिलिंडर सोडून. त्यामुळे २० इंची कार्बाइनची (आखूड नळीच्या रायफलीची) तुलना साडेसात इंचांशी करणं चूक आहे. रिव्हॉल्वरच्या लांबीत सिलिंडरचे सुमारे १.६ इंच मिळवा.

२. हत्यार रिकामं असल्याची खात्री करून, सिलिंडर आणि नळी यांमधली फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. ती ०.१५ मिलिमीटरच्या आसपास असते. फट जास्त असेल तर वायू तिथूनच निसटतो आणि वेग घटतो.

३. नळीचा आतला व्यास मोजा. मऊ शिशाची गोळी रिकाम्या नळीतून ठोकून बाहेर काढा आणि मायक्रोमीटर लावा. .४४-४० च्या नळ्या साधारण ०.४२५ ते ०.४३० इंचांपर्यंत आढळतात. सैल नळीत गोळीच्या कडेने वायू पुढे निघून जातो.

४. क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) नळीच्या तोंडापासून ३ ते ४ मीटरवर ठेवा. काळ्या दारूसाठी आणखी मागे न्या, कारण न जळलेले कण सेन्सरवरून गेले की भलताच आकडा येतो. दोन्ही सेन्सर गोळीच्या मार्गाला समांतर हवेत. यंत्र तिरपं असेल तर गोळीला जास्त अंतर कापावं लागतं आणि वेग कमी दिसतो. भर उन्हात वर पांढरे डिफ्यूझर (प्रकाश पसरवणारे पडदे) लावा. बंद रेंजमध्ये लुकलुकणाऱ्या ट्यूबलाइटचा प्रकाश यंत्राला फसवतो. कान आणि डोळ्यांचं संरक्षण दोन्ही ठिकाणी लागतंच.

५. दारू काडतुसात कुठे पडली आहे, याकडे सर्वांत जास्त लक्ष द्या, कारण बहुतेक मोजण्या इथेच फसतात. काडतुसाची ही पुंगळी (धातूचं कवच) काळ्या दारूने काठोकाठ भरण्यासाठी बनलेली आहे. धूरविरहित दारूची मात्रा तिच्यात थोडी जागा व्यापते आणि बाकी जागा रिकामी राहते. नळी खाली झुकवून मग नेम धरला, तर दारू गोळीकडे सरकते, प्रायमरपासून (पुंगळीच्या बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीपासून) लांब जाते आणि वेग पडतो. नळी वर करून आणली तर दारू प्रायमरजवळ येते आणि वेग वाढतो. म्हणून प्रत्येक गोळीआधी तीच हालचाल करा, रेंजच्या नियमात बसेल तेवढीच, आणि नळी लक्ष्याच्या दिशेलाच राहू द्या. वेळ असेल तर दोन्ही स्थितींच्या वेगळ्या मालिका घ्या. काठोकाठ भरलेल्या काळ्या दारूत हा प्रश्न येत नाही.

६. एकाच लॉटची (एका वेळी बनलेली) काडतुसं घ्या आणि प्रत्येक हत्यारातून दहा गोळ्या झाडा. सरासरीसोबत सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वेगातलं अंतर लिहा. हे अंतर मोठं असेल, तर सरासरीतल्या २०-३० फुटांच्या फरकावरून निष्कर्ष काढू नका.

.४५ कोल्ट या दुसऱ्या काडतुसाची कार्बाइन-रिव्हॉल्वर जोडी तपासायची असेल, तर कार्बाइन आधुनिकच घ्यावी लागेल. एकोणिसाव्या शतकात या काडतुसाच्या लिव्हर रायफली निघाल्याच नाहीत. त्या वेळच्या पुंगळीची कड इतकी अरुंद होती, की एक्स्ट्रॅक्टरला (रिकामी पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याला) धरायला काही उरत नसे.